मोहर आधी की पंचमी आधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात मोहरलेल्या आंब्याचा रंगीत फोटो आला होता. फोटो झकास होता. त्याखालची ओळ मात्र घशाखाली उतरली नाही. 'वसंत पंचमीआधीच मोहर, निसर्गाचे चक्र बिघडले.' मी चहा तसाच ठेवला आणि वही काढली.

वहीचं सांगतो. मी महसूल खात्यात तलाठी होतो, शेवटची काही वर्षं मंडळ अधिकारी. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. लोक तलाठी आप्पाच म्हणतात.) उभी नोकरी बांधावर उभं राहून पीक पाहणी करण्यात आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, भरण्यात गेली. 2012 साली निवृत्त झालो आणि हाताला काम राहिलं नाही. चोपड्यात अडीच गुंठ्यांचा प्लॉट आहे, निम्म्यात घर, उरलेल्यात बाग. मग त्या बागेचीच पीक पाहणी सुरू केली. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने: झाड, पहिली कळी, पहिलं फूल, पाणी कशाचं, आणि शेवटी शेरा. यंदाचा हा चौदावा हिवाळा. शेजारचे जिभाऊ एसटीत ड्रायव्हर होते, ते रोज कुंपणावरून हाक मारतात, "काय आप्पा, फुलेस्ना सातबारा लिखी ऱ्हायनात का?" लिहितोच आहे. खाडाखोड नाही.

आज रविवार. सकाळी साडेसहाला मफलर गुंडाळून निघालो. ओट्यावरच्या थर्मामीटरमध्ये 11 अंश होते. गवतावर दव, चपला दोन पावलांत ओल्या. बाग एवढीशी, रमतगमत गेलं तरी एका फेरीला पाच मिनिटं पुरतात. मला पाऊण तास लागतो.

शेवंतीचे तेलाचे डबे आहेत, सहा. सगळी रोपं एकाच गड्ड्याची, माती एक, पाणी एक. मागच्या अंगणात नेऊन ठेवलेले चार डबे नोव्हेंबरातच पिवळेधमक झाले, आता फुलं वाळायला लागलीत. फाटकाजवळच्या दोघांवर मात्र आज कुठे कळ्या दिसताहेत. दोन वर्षं मला हे कोडं सुटलं नव्हतं. खत घालून पाहिलं, डबे धुऊन पाहिले, घरच्यांनी दृष्टही काढली. मग एका रात्री लघवीला उठलो तेव्हा लक्षात आलं, रस्त्याच्या खांबावर नवा पांढरा दिवा बसलाय आणि त्याचा उजेड नेमका या दोन डब्यांवर पडतोय. शेवंतीला फुलायला लांब, अंधारी रात्र लागते. रात्रभर दिवा जळत असला की तिच्या हिशेबी दिवस मोठाच. यंदा डिसेंबरात मी त्या डब्यांवर रोज संध्याकाळी बारदान टाकलं, तेव्हा कुठे कळी धरली. वहीत शेरा आहे: 'उशीर. कारण, खांबावरचा दिवा.' या दोन डब्यांचा फोटो कुणी काढला असता तर खाली काय छापलं असतं, मला सांगा. जानेवारीत शेवंती, ऋतू उलटले?

लिंबाचंही तसंच. कागदी लिंबू, दहा वर्षांचं झाड, आत्ता पांढऱ्या फुलांनी भरलंय. जवळ गेलं की वासाने डोकं हलकं होतं. दरवर्षी हा बहार फेब्रुवारीच्या तोंडाला येतो. यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच फुलं दिसली. म्हणजे महिनाभर लवकर! पण दिवाळीनंतर बोअरची मोटार जळाली होती. रिवाइंडिंगला गेलेली मोटार तीन आठवडे परत आली नाही आणि प्यायचं पाणी मोलाचं, झाडाला कोण घालणार? लिंबाने पानं गाळली. मोटार बसली, आळं भरलं, आणि झाड फुललं. लिंबू-मोसंबीवाले शेतकरी हेच मुद्दाम करतात. आंबिया बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं. माझ्याकडे ताण मेकॅनिकने दिला.

कुंद फुललाय. तो वेळेवरच आहे. कुंदाची वेळ तर आपल्या जुन्या लोकांनी पंचांगातच बांधून ठेवली. माघातल्या चतुर्थीला तिलकुंद चतुर्थी म्हणतात, तीळ वाटायचे आणि कुंदाची फुलं वाहायची. ती यंदा येत्या गुरुवारी आहे. घरच्यांनी आत्तापासून मला तंबी दिली आहे की वेल मोजत बसा, तोडू नका. त्या अमळनेरकडच्या. "माले देवले फुलं लागतस, तुमनी वही नही," असं ऐकवतात.

शेवगा फुलावर आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सीताफळ उघडं पडलंय. पारिजातक संपला. जास्वंदीवर शिंजीर येतो, नखाएवढा पक्षी, उन्हात जांभळा-काळा चमकतो, आणि फुलाच्या बुडालाच चोच खुपसून मध चोरतो.

आता आंबा. केसरचं कलम आहे, मी चोपड्यात प्लॉट घेतला त्या वर्षी लावलेलं. आंब्याला मोहरायला आमच्या हिवाळ्यासारखी थंडी मानवते. पावसाळ्यानंतर काडी पक्की व्हायला हवी, रात्री थंड आणि कोरड्या पडायला हव्यात, मग काडीच्या टोकाला पालवीऐवजी मोहर निघतो. आदल्या वर्षी झाड लदलदून लागलं असेल तर थंडी कितीही पडो, ते एक वर्ष विश्रांती घेतं. माझ्या वहीत या एकाच झाडाच्या पहिल्या मोहराची सगळ्यात आधीची तारीख 19 डिसेंबर आहे, सगळ्यात उशिराची 4 फेब्रुवारी. दोन्हींत पावणेसात आठवड्यांचं अंतर. यंदा पहिला तुरा दिसला 9 जानेवारीला, म्हणजे जवळपास मधोमध. जिभाऊंचा आंबा माझ्या आंब्यापासून पंधरा फुटांवर आहे, मध्ये फक्त भिंत. थंडी तीच, माती तीच. त्याला आज सकाळपर्यंत एक तुरा नाही. जिभाऊ म्हणतात, आमचं झाड सुपरफास्ट नाही, साधी गाडी आहे.

वहीत आंब्याची दोन पानं मी पुन्हापुन्हा काढतो. एक 2014 चं. मार्चमध्ये ती मोठी गारपीट झाली, आठवत असेल. मी निवृत्त झालेलो, पंचनाम्याला मला कोण बोलावणार? घरच्या आंब्याचा पंचनामा केला. सुपारीएवढ्या कैऱ्या अंगणभर, पाटी भरून निघाल्या. शेरा: 'पैसेवारी शून्य.' दुसरं पान 2017 चं, ते माझ्या शहाणपणाचं आहे. ढगाळ हवा होती, तुडतुडे दिसले, पानं चिकट झाली. मी घाईने कीटकनाशक आणलं आणि झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना, तेही भर दुपारी, फवारलं. संध्याकाळी झाडाखाली माश्या आणि मधमाश्या झाडून गोळा कराव्या लागल्या. आंब्याच्या एका तुऱ्यात फुलं हजारांनी असतात, पण त्यात नर फुलंच फार, आणि फळ धरणाऱ्या फुलावर पराग नेऊन टाकायचं काम मुख्यतः माश्या करतात. साध्या माश्या, ज्यांना आपण हाकलतो. त्या वर्षी संपूर्ण झाडाला अकरा आंबे लागले. आता फुलं उमलली की मी पंपाला हात लावत नाही, आणि मोहराखाली माश्या घोंघावल्या की बरं वाटतं.

तर आपल्या त्या ओळीकडे येतो. मोहर वसंत पंचमीआधी आला म्हणून चक्र बिघडलं, असं त्यात म्हटलं होतं. पण पंचमी एका जागी उभी कुठे आहे? 2024 साली ती 14 फेब्रुवारीला होती. गेल्या वर्षी 2 फेब्रुवारीला. यंदा 23 जानेवारीला, येत्या शुक्रवारी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून तिथ्या दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलल्या जातात. येत्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी पंचमी परत फेब्रुवारीत जाईल. समजा एखादा आंबा दरवर्षी न चुकता 30 जानेवारीलाच मोहरतो. तो 2024 मध्ये पंचमीच्या पंधरा दिवस 'आधी' मोहरला आणि यंदा आठवडाभर 'उशिरा' मोहरणार. झाड जागचं हललेलं नाही! पंचमीला देवीला मोहर वाहावा, जरूर वाहावा, आमच्याकडेही वाहतात. पण ती मोजपट्टी नाही. मोजायचंच असेल तर संक्रांत धरा, ती सूर्यावर चालते, 14-15 जानेवारी सोडत नाही.

याचा अर्थ हवा बदलत नाही असं मी म्हणतोय, असं कृपा करून कुणी समजू नये. खान्देशात राहणारा माणूस असं म्हणूच शकणार नाही. थंडी जास्त पडली तर केळीवाल्याच्या पोटात गोळा, कमी पडली तर गहू-हरभऱ्यावाल्याच्या. अवकाळी आली तर दोघांच्या. माझं म्हणणं एवढंच की 'लवकर' हा शब्द लिहिणाऱ्याने कशाच्या मानाने लवकर ते सांगावं. आपल्या फोटोखाली गाव नव्हतं, झाडाची जात नव्हती, मोहर कधी दिसला ते नव्हतं, गेल्या वर्षी कधी होता तेही नव्हतं. सातबाऱ्यावर अशी नोंद मी केली असती तर तहसीलदारांनी मला उभं केलं असतं.

म्हणून एक विनंती. आपण रोज पहिल्या पानावर कमाल-किमान तापमानाची चौकट देता. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, त्याखाली फुलांची चौकट द्या. वाचकांनी कळवावं: झाड कोणतं, गाव कोणतं, पहिलं फूल कोणत्या तारखेला, पाणी मिळतं की कोरडवाहू. चार रकाने पुरे. कविता पाठवू नका असं मात्र वर ठळक छापा, नाहीतर तुमचं टपाल त्यानेच भरेल. शेतकरी आता मोबाईलवर स्वतः ई-पीक पाहणी भरतो, 2021 पासून राज्यभर चालू आहे, तेव्हा अंगणातल्या कढीपत्त्याची तारीख कळवणं कुणाला जड जाऊ नये. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, तळोदा इथून वीस-पंचवीस जणांनी दहा वर्षं नेटाने कळवलं, तर 'लवकर' लिहिताना तुमच्या वार्ताहराच्या हाती काहीतरी असेल. माझी चौदा वर्षांची पानं झेरॉक्स करून पाठवायला मी तयार आहे. झेरॉक्सचा खर्च माझा.

सुरुवातीला म्हणून दोन नोंदी घ्या. लासूरच्या रस्त्याला काटेसावर फुललीय, अंगावर एक पान नाही, लाल फुलं आणि त्यात मैनांची भांडणं. मी पाहिली 12 जानेवारीला. त्याच रस्त्याच्या पळसावर काळ्या मखमली कळ्या धरल्यात, फूल अजून नाही.

आणि मोगरा. हा खरोखर लवकर म्हणावा असा माझ्याकडे यंदा एकटाच आहे. मोगऱ्याचा मोसम मार्चपासून पुढे. पण न्हाणीमागच्या मोगऱ्यावर आज सकाळी तीन कळ्या दिसल्या, तांदळापेक्षा थोड्या मोठ्या. दक्षिणेकडची भिंत दिवसभर तापते, आणि आमच्याकडे अजून बंब आहे, आंघोळीचं कोमट पाणी त्याच आळ्यात जातं. कारण तेच असावं असा माझा अंदाज आहे. शेऱ्याचा रकाना मी अजून कोरा ठेवलाय, कारण भिंतीपासून लांब, साध्या पाण्यावरही एक मोगरा आहे आणि त्याच्याकडे अजून बघायचं आहे. पहिल्याची कळी उमलली की तारीख कळवतो.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
चोपडा, जि. जळगाव
18 जानेवारी 2026