कागदावरचा खरा आकडा

नौपाडा, ठाणे

चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायला जमत नाही. तू "बाबा, पॉझिटिव्ह राहा" म्हणालास की माझ्या तोंडून आपोआप "हो रे, मजेत आहे" निघतं. म्हणून लिहितोय.

मागच्या खेपेला खारघरला माझ्या कॅन्सरच्या तपासणीला तू बरोबर होतास. नर्सबाईंनी एक कागद दिला, आठवतो? थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्याला गोल करायचा. तू शेजारी उभा होतास. मी दोनाला गोल केला. बाळ, खरा आकडा आठ होता.

त्या आठवड्यात रोज रात्री दोन-अडीचला उठून मी स्वयंपाकघरात बसत होतो. अंगातून वाफा निघायच्या, बनियन पिळावा इतका घाम, आणि मग एकदम हुडहुडी. तुझ्या आईला पाळी जाताना असंच व्हायचं आणि मी कूस बदलून झोपायचो. आता त्याचं फार वाईट वाटतं. हे दर तीन महिन्यांच्या त्या इंजेक्शनमुळे होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, म्हणून इंजेक्शन ते खाली आणतं; त्याच्याबरोबर झोप, ताकद, उमेदही खाली जाऊ शकते. मला वाटायचं, आपणच कच्चे. नातवाचा व्हिडिओ बघून रडू यायचं, भाजीवाल्यावर खेकसायचो, लघवी आवरणार नाही या धास्तीने गडकरीला नाटकाला जाणं सोडलं. पीएसएचं, म्हणजे कॅन्सर वर डोकं काढतोय का ते बघायचं, रक्त द्यायचं असलं की आठ दिवस आधीपासून घास उतरत नसे.

शेवटी आईनेच डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं आणि मी हबकलो. कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात ना, ते ऐकतच आम्ही मोठे झालो. 1901 पासूनचं मनोरुग्णालय आपल्याच गावात, सगळा जन्म इथे गेला, तरी ती लाज हाडात मुरलेली.

तरी शेवटी गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, तो थर्मामीटर न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि 1998 साली त्याचा पहिला अभ्यास छापून आला तो प्रोस्टेटच्याच रुग्णांवरचा. पुरुष मनातलं बोलत नाहीत, निदान आकडा तरी दाखवतील. चार किंवा त्याहून वर आकडा आला की पुढची विचारपूस करतात. दोन लिहून ते दार मीच लावून घेतलं होतं.

आता दर पंधरा दिवसांनी बाईंकडे जातो. रात्रीची एक गोळी सुरू आहे. सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो. या थकव्याला पडून राहण्यापेक्षा चालणंच मानवतं, हे मला स्वतः करून पाहिल्यावर पटलं. आईने टेलिमानसचा, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायचा, 14416 हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो तिच्यासाठीही आहे. मी जागा असतो तेव्हा तीही जागीच असते, फक्त डोळे मिटून पडते. तिलाही कधी फोन करून तिची चौकशी कर, माझी नको.

आणि मला पॉझिटिव्ह राहायला सांगू नकोस. मी खचलो म्हणून गाठ वाढत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुझं ते वाक्य ऐकलं की मला रडायचीही चोरी होते. "आज आकडा किती?" एवढंच विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. आज पाच आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. तुला सुट्टी मिळाली तर ये, ठाण्याहून पनवेल गाडीने जाऊ, तुझी सोबत मला हवी आहे. फक्त तो कागद हातात आला की तू जरा बाहेर जा, दोघांना चहा घेऊन ये.

तुझे,
बाबा