उजव्या डोळ्याचं पांढरं

सोलापूर, शनिवार रात्र

प्रिय सोनू,
प्रभू येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

थेंब टाकून झाले, काळा गॉगल उशाशी ठेवलाय. फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहायला बसलो. आईची कुरकुर चालू आहे. डॉक्टर चालेल म्हणालेत.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज अकरा दिवस. डावा बाकी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं दोरीवर पांढरा टॉवेल टाकला होता, आपल्याच जुन्या कारखान्याचा. सहज डावा डोळा झाकला, तर टॉवेल असा पांढरा की नीळ जरा जास्तच पडली असावी. मग उजवा झाकला. तोच टॉवेल चहाच्या पाण्यातून पिळून काढल्यासारखा! पाच-सहा वेळा करून बघितलं. समोरच्या मावशी वळून बघायला लागल्या, तेव्हा थांबलो. त्यांना वाटलं असणार, म्हातारा डोळे मारतोय.

तू सांगितलंस, वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही. पण हे इतकं सावकाश होतं की मेंदू रोज थोडं थोडं सांभाळून घेतो, पिवळट झालेल्यालाच पांढरं म्हणत राहतो. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. तू हे अभ्यासातलं म्हणून सांगून मोकळी झालीस. मी मात्र फोन ठेवून तसाच कॉटवर बसून राहिलो.

कारण मला एक लॉट आठवला. रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तू दहावीला होतीस, तुला सांगितलं नव्हतं. टॉवेलच्या पांढऱ्या सुताचा लॉट होता. हाताखाली पूर्व भागातला एक पोरगा होता, घरी तेलुगू बोलणारा, कामाला चोख. तो म्हणाला, "मामा, हा माल मोतिया वाटतोय, पांढरा नाही." मी लडी खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चौतीस वर्षं रंगखात्यात आहे. तू मला पांढरं शिकवतो का बे?" माल गेला आणि परत आला. वरच्या साहेबांना मी काय सांगितलं? पोरानं धुलाई नीट केली नाही. त्याचे पैसे कापले गेले. पुढच्या महिन्यात त्यानं काम सोडलं.

मी खोटं बोललो नव्हतो, सोनू. मला खरंच पांढरं दिसत होतं.

आता तुझा प्रश्न. बेथसैदा गावच्या आंधळ्याला येशूनं एकदाच हात लावून बरं का केलं नाही? मार्कच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात पहिल्यांदा त्याला माणसं दिसतात ती चालत्या झाडांसारखी, आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर सगळं स्पष्ट. तू म्हणतेस हे तुमच्या शास्त्राशी जुळतं. १६८८ साली डब्लिनच्या मॉलिनो नावाच्या विद्वानानं, ज्याची स्वतःची बायको आंधळी होती, तत्त्वज्ञ लॉकला विचारलं होतं की जन्मांधाला दृष्टी आली तर हाताला ओळखीचे गोल आणि घन त्याला नुसते बघून ओळखता येतील का. त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या मुलांनी दिलं, आंधळ्या मुलांवर उपचार करून ती बघायला कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या, शास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या प्रकल्प प्रकाशमधल्या. २०११ मध्ये छापून आलं. ऑपरेशननंतर डोळा उघडला, पण हाताला कळलेली वस्तू डोळ्याला लगेच ओळखता येईना. काही दिवसांत यायला लागली. हे तू सांगितलंस तेव्हा अंगावर काटा आला.

तरीपण ते बेथसैदाला चिकटवायची घाई करू नकोस. तो जन्मांध होता असं मार्क कुठंच लिहीत नाही. आणि झाड कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे कधीतरी बघितलेलं असणार. चमत्काराला विज्ञानाचा टेकू लावायला गेलं की दोन्हीकडची पंचाईत होते, असं माझं मत. मला तिथं वेगळंच दिसतं. त्याच अध्यायात थोडं आधी येशू शिष्यांनाच विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? आणि या आंधळ्याच्या लगेच नंतर शिष्य पेत्र ओळखतो की हा ख्रिस्त आहे, तेही अर्धवटच, कारण दुःख सोसण्याची गोष्ट निघताच तो येशूलाच दटावायला लागतो. झाडांसारखी माणसं दिसणारा तो एकटा नव्हता.

आणि खरं सांगू, त्या आंधळ्याचं मला कौतुक वाटतं. समोर एवढा मोठा वैद्य उभा, "काही दिसतं का?" म्हणून विचारतोय. आपण भिडेनं म्हटलं असतं, हो हो, छान दिसतंय! हा म्हणाला, झाडांसारखं दिसतंय. म्हणून तर दुसऱ्यांदा हात ठेवला.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला असेल. शिलोहाच्या तळ्यावर डोळे धुऊन आलेला माणूस आणि त्याची उलटतपासणी घेणारे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी. शेवटी ते विचारतात, आम्हीही आंधळे काय? येशू म्हणतो, आंधळे असता तर पाप नसतं, पण आम्हाला दिसतं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं. हे शिकवताना परूशी म्हणजे नेहमी कुणीतरी दुसरा असायचा. डोळ्याच्या पिवळेपणाबद्दल कुणी मला दोष देणार नाही, देवही नाही. पण तो पोरगा बोलला तेव्हा अजून एकाला ती लडी दाखवायला मला काय झालं होतं?

त्याचा पत्ता काढलाय. विडी घरकुलला राहतो, आता दुसऱ्या कारखान्यात रंगखात्यातच आहे. उद्या उपासना झाली की रिक्षानं जाणार. आई म्हणते दुसरा डोळा होऊ दे, मग जा. नको म्हटलं, एक डोळा जुनाच असताना जायचंय. तो टॉवेल बरोबर घेतोय. दोन्ही डोळे आळीपाळीनं झाकून त्याला सांगेन, कुठून काय दिसतं ते. कापलेले पैसे पाकिटात घातलेत. ते काढायचे कसे, हे अजून सुचलेलं नाही.

शेंगा चटणी गाडीवर दिलीय, डबा उघडून लगेच दुसऱ्यात काढ.

तुझा,
बाबा