नुसता पैसा वाढला म्हणून वजन वाढत नाही

संपादक साहेब,

लठ्ठपणावरचा तुमचा लेख वाचला. बाकी ठीक, पण 'देश श्रीमंत झाला की माणसं जाड होणारच' हे काही पटलं नाही. मग जपानचं काय? एवढा पैसेवाला देश, तरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३० च्या वर, म्हणजे लठ्ठ, असलेले तिथे शंभरात जेमतेम पाच, अमेरिकेत तेच चाळीसएक. आणि जगाच्या यादीत वरती कोण, तर टोंगा, सामोआ, नाऊरू ही पॅसिफिकमधली बेटं, जी काही श्रीमंत म्हणून ओळखली जात नाहीत, पण तिथे ताजी मासळी आणि कंदमुळं मागे पडून बाहेरून आलेलं डबाबंद मांस, मैदा, साखर ताटात आली.

एकाच देशात बघितलं तर अजून गुंता आहे. सोबल आणि स्टंकार्ड या संशोधकांनी १९८९ साली आर्थिक स्थिती आणि लठ्ठपणा यांवरचे शंभरावर अभ्यास एकत्र तपासले होते. गरीब देशांत खात्यापित्या घरची माणसंच जाड निघाली, बाई असो की पुरुष. श्रीमंत देशांत मात्र बायकांमध्ये बरोब्बर उलटं, उत्पन्न कमी तिथे वजन जास्त. पुरुषांचं मात्र तिथे काही एकसारखं दिसेना. म्हणजे 'पैसा' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही, त्या पैशात कुठलं खाणं पदरात पडतं ते बघायला हवं ना.

२०१९ मध्ये अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांच्या टीमने २० जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे पाकीटबंद प्रोसेस्ड खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलेलं, तरी प्रोसेस्डच्या वेळी लोक रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन बसले आणि वजन साधारण ९०० ग्रॅमनी वाढलं, साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. आता खरी मेख ऐका, २००० कॅलरीच्या हिशोबाने प्रोसेस्ड जेवणाच्या सामानाचा आठवड्याचा खर्च १०६ डॉलर आणि साध्याचा १५१. वर ते साधं शिजवायला वेळ लागतो तो वेगळाच. दोन शिफ्ट करणारा माणूस काय निवडणार? त्याला 'जिभेवर ताबा ठेवा' म्हणणं सोपं आहे हो.

एक विनंती, पुढच्या वेळी देशाची नुसती सरासरी छापू नका, बायका-पुरुष आणि उत्पन्नगट असे वेगळे आकडे द्या, सरासरीत हे सगळं बुडून जातं.

– एक नियमित वाचक