कासवाची अंडी थंडीने धरत नाहीत

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातली ‘थंडी पडताच कासविणींची लगबग’ ही बातमी वाचली. मादी किनाऱ्याजवळ आली, गारवा लागला आणि आठ दिवसांत पोटात अंडी धरली, असा तिचा सूर आहे. असं काहीही होत नाही.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी वेळास, आंजर्ले किंवा गुहागरच्या पुळणीवर चढते तेव्हा त्या मोसमाचे सगळे बलक तिच्या अंडाशयात भरून तयार असतात. हे काम कितीतरी महिने आधी, ती चरते त्या समुद्रात सुरू होतं. अंगात पुरेशी चरबी साठली की मेंदूच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी कामाला लागते, अंडाशयातून इस्ट्राडायोल हे संप्रेरक स्रवतं आणि ते यकृताला बलकाचं प्रथिन बनवायला लावतं. हे प्रथिन रक्तातून अंडाशयात पोचतं. खाणं कमी पडलं तर मादी त्या वर्षी येतच नाही. म्हणून घरटी कमी दिसली की यंदाच्या हवेवर खापर फोडू नये. पाण्याच्या तापमानाने तारखा मागेपुढे होतील, पण किती माद्या येणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं, तेही कुठल्या कुठे. ओडिशात २०२१ साली बिल्ला मारलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, ती बातमी आपल्याकडे सगळ्यांनी वाचली आहे.

मोसमात एकच मादी दोन-तीनदाही अंडी घालते. एक घरटं झालं की दिवस-दोन दिवसांत एलएच आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं एकदम चढतात, पुढच्या खेपेचे शंभरेक बलक सुटतात, साठवलेल्या शुक्राणूंनी फलित होतात, मग त्यांवर पांढरा भाग आणि कवच चढतं. साधारण तीन आठवड्यांनी ती पुन्हा वर येते. हे तीन आठवडे तिने किनाऱ्यालगतच काढायचे असतात, आणि ट्रॉलरही तिथेच जाळी ओढत असतात. त्यावर बातमीत एक ओळ नाही.

‘दुपारी ग्रामस्थांनी अंडी टोपलीत भरून सुरक्षित जागी हलवली’ हे तर कौतुकाने छापलं आहे! अंडं पोटात असताना प्राणवायू कमी मिळतो म्हणून गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबलेली असते. वाळूत पडल्यावर काही तासांत ती पुन्हा सुरू होते आणि गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटसुलट झालं की गर्भ मरतो. म्हणून कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे स्वयंसेवक, पहाटेच माग काढतात, अंडं जसं पडलं तसंच, न फिरवता उचलतात आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखण्याच्या कुंपणात, दीड फूट खोल, मूळ घरट्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. दुपारी टोपलीत ओतलेल्या अंड्यांतून किती पिल्लं निघतील, याची मला मनापासून काळजी वाटते.

मोबाइलच्या उजेडातली मादी ‘माणसांना सरावलेली’ असंही लिहिलं आहे. वर चढताना आणि खड्डा खणताना ती सर्वांत बुजरी असते. तेव्हा उजेड पडला तर तशीच समुद्रात परतते. एकदा अंडी पडायला लागली की रक्तात व्हॅसोटोसिन हे संप्रेरक चढलेलं असतं, त्याच्या जोडीने प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं बीजनलिका आवळत असतात. मग ती सहसा थांबत नाही, तिला थांबता येत नाही. डोळ्यांतलं पाणीही रडण्याचं नाही, अंगातलं जादा मीठ ग्रंथी बाहेर टाकतात. कृपा करून या अवस्थेतल्या मादीच्या तोंडावर उजेड मारल्याचे फोटो छापू नका. ते पाहून पुढच्या शनिवारी आणखी पन्नास जण टॉर्च घेऊन येतात.

आणि फोटोबद्दल आणखी एक. रिडलेच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना बहुधा सहा किंवा जास्त ढालपट्ट्या असतात, कधी डावीकडे सहा तर उजवीकडे सात. काल छापलेल्या कासवाला मोजून चार-चार आहेत. ते रिडले नाही, बहुधा हिरवं कासव आहे. दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रही बदला.

आपला,
एक वाचक, दापोली