चि. निखिलला पत्र : ट्रम्प खरंच करून दाखवतील का?

ता. निफाड, जि. नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, बेकायदा आलेल्यांना हाकलू असं प्रचारात बोलले ते ट्रम्प खरंच करतील, की आधीच्यांसारखीच बोलाची कढी?" आणि लगेच म्हणालास, "केलं तर बरंच. आपण रांगेत उभं राहून अमेरिकेत आलो, हे लोक का घुसतात?" द्राक्षांचा खुडा सुरू होता, व्यापारी गाडी घेऊन दारात उभा होता, नीट बोलता आलं नाही. तुझं ते दुसरं वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

करतील. करायला लागलेच आहेत. २० जानेवारीला शपथ घेतली त्याच दिवशी दक्षिण सीमेवर आणीबाणी. २९ तारखेला लेकन रायली कायद्यावर सही, म्हणजे बिनकागदाच्या माणसावर चोरीचा नुसता आरोप असला तरी त्याला डांबायलाच हवं. त्याच दिवशी क्युबातल्या ग्वांतानामोच्या लष्करी तळावर अशा ३० हजार जणांना डांबायची सोय करायची घोषणा. आणि या बुधवारी लष्कराचं सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हरियाणा-गुजरातचे तेहेतीस-तेहेतीस, पंजाबचे तीस, आपल्या महाराष्ट्राचे तिघे. हातात बेड्या, पायांत साखळ्या. एजंटाला तीस-चाळीस लाख मोजून, पनामाचं जंगल तुडवून गेलेली पोरं. त्यांच्या घरच्यांनी काय विकलं असेल, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

पण परत पाठवणं आजचं नाही. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं की २००९ पासून १५ हजारांहून जास्त भारतीय अमेरिकेने परत धाडले. त्यात ओबामांची आठ वर्षं आली, बायडेन यांची चारही आली. गेल्या ऑक्टोबरातही बायडेन सरकारने एक अख्खं विमान भरून आपली माणसं पंजाबात उतरवली होती. तेव्हा लष्करी विमान नव्हतं, म्हणून फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की दिसेल असं काम हे अध्यक्ष जोरात करतील. मुळाला हात घालतील का, याबद्दल मला शंका आहे, आणि तिला कारणं आहेत.

१९८६ मध्ये रेगन यांनी सौदा केला होता. आधीच देशात असलेल्या बिनकागदाच्यांना कागद द्यायचे आणि यापुढे बिनकागदाचा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा. कागद २७ लाख लोकांना मिळाले. दंडाचं मात्र भिजत घोंगडं राहिलं, कारण मालकाने जाणूनबुजून ठेवला हे सिद्ध करावं लागतं आणि खोटं कार्ड खोटं आहे हे मालकाला कुठे ओळखता येतं? पुढे २००७ मध्ये बुश यांचं तसंच विधेयक सिनेटमध्येच पडलं. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी नवं विधेयक मंजूर केलं, तर खालच्या सभागृहाने ते चर्चेलाच घेतलं नाही. बायडेन यांनी पहिल्याच दिवशी मसुदा पाठवला, तोही पडून राहिला. अध्यक्ष आदेश काढतो, पुढचा अध्यक्ष तो रद्द करतो. कायदा संसदेचा असतो, आणि असा मुळातला सौदा करण्यावर तिथे जवळजवळ चाळीस वर्षं कुणाचं एकमत झालेलं नाही.

इमिग्रेशनच्या कोर्टांत ३७ लाखांच्या आसपास खटले तुंबलेत आणि न्यायाधीश सातशेच्या घरात. कामगाराचे कागद तपासायची ई-व्हेरिफाय नावाची यंत्रणा आहे, पण ती देशभर सक्तीची नाही. ती सक्तीची करणारा आदेश पहिल्या दिवशीच्या ढिगाऱ्यात मला दिसला नाही. ज्या दिवशी मजुराबरोबर त्याच्या मालकाच्या हातात बेडी पडेल, त्या दिवशी मी मानेन की यांनी मुळाला हात घातला.

मालकाचा विषय मला आतून कळतो. आत्ता आपल्या बागेत सुरगाण्याहून आलेली टोळी आहे. ऊन चढायच्या आत, पहाटेच्या गारव्यात घड देठाने धरायचा, मण्यावरचा पांढरट थर बोटाने पुसू द्यायचा नाही, कात्री लावायची आणि कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये एकेक ठेवायचा. हे काम गावातलं कुणी करत नाही. टोळी एक आठवडा आली नाही तर आमचं वर्ष बुडालं. ही माणसं आपल्याच जिल्ह्यातली, त्यांना कागद कुणी मागत नाही. पण तू वॉशिंग्टन राज्यातल्या ज्या याकिमाच्या सफरचंदांच्या बागांचे फोटो पाठवले होतेस, तिथली फळं काय झाडावरून आपोआप उतरतात? अमेरिकेच्या कामगार खात्याच्याच पाहणीत शेतातल्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के बिनकागदाचे निघाले. तिथल्या बागायतदाराला हे माहीत असतं, आमदार-खासदारालाही माहीत असतं.

आता रांगेचं. तू रांगेत उभा राहिलास, एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव आलं, ग्रीनकार्डाची वाट बघतोयस, याचा मला अभिमान आहे. नियम मोडून जाणं मला पटत नाही. पण अकुशल मजुराला कायमचं राहायला अमेरिका वर्षाकाठी फार तर १० हजार ग्रीनकार्डं देते, तीही साऱ्या जगात मिळून. तुझ्यासाठी रांग लांब आहे, त्याच्यासाठी ती जवळजवळ नाहीच. एवढं डोळ्यांसमोर ठेव आणि त्या विमानाच्या व्हिडिओखाली टाळ्या वाजवू नकोस. साखळदंडातला माणूस बघून आपल्या घरात कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत.

आणि हे तुमच्या दाराशीही आलंच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करायचा ट्रम्प यांचा आदेश बेकायदा आलेल्यांपुरता नाही. आईबाप दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असतील तर त्यांच्या बाळालाही तो लागतो. म्हणजे तुमच्या बाळाला. तुमच्याच सिएटलच्या न्यायाधीशांनी तो उघडउघड घटनेविरुद्ध म्हणून अडवलाय, आणि त्यांची नेमणूक रेगन यांनी केलेली. जन्माने नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची आहे, एका सहीने ती पुसली जाणार नाही असं मला वाटतं. आदेश लागू व्हायच्या, म्हणजे १९ फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करून घ्यायला काही जणी धावताहेत म्हणे. स्नेहलला तसलं काही करू देऊ नकोस. एप्रिलची तारीख आहे, एप्रिललाच होऊ दे.

तुमचं आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि व्हिसाच्या मंजुरीचे कागद यांच्या प्रती दोघांच्याही जवळ ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा बाळगायचा हा तिथला जुना कायदा आहे.

आई मार्चअखेर येईल. तिचं परतीचं तिकीट सप्टेंबरच्या मध्याचं काढ, सहा महिन्यांची मुदत संपायच्या आतलं. बिनकागदाचे म्हणतात त्यांतले कितीतरी जण असेच रीतसर व्हिसावर जाऊन मुदतीनंतर राहिलेले असतात. बाळाच्या मोहापायी ती मुक्काम वाढवायचं म्हणेल, तेव्हा तिचं ऐकू नकोस, मला फोन लाव.

तुझे,
अण्णा