आमच्या रानातली माती आम्हालाच तपासू द्या, साहेब

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी पलूस तालुक्यातली, सांगलीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र जरा लांबणार आहे पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

आमचं साडेतीन एकर रान आहे, त्यातला एकराचा तुकडा गेली आठ-नऊ वर्षं पडून आहे. क्षारपड झालाय, आमचे आण्णा त्याला चोपण म्हणतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, मीठ फुटल्यासारखा, आणि पावसात पाणी मुरतच नाही, गढूळ होऊन तसंच उभं राहतं. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूस, कुठंही फिरा, अशी रानं दिसतील. काळी माती, वर्षानुवर्षं ऊस, पाण्याला निचरा नाही, मग खालचं पाणी वर चढतं ते क्षार घेऊनच, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहितीय. पण त्या मातीत जे जिवंत होतं त्याचं काय झालं हे गावात कुणाला सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शिकायलाच इकडं आले.

आमचा विषय मायक्रोबियल इकॉलॉजी. एकटा जिवाणू काचेच्या नळीत काय करतो ते नाही, तर एका ढेकळात हजारो जाती एकत्र कशा नांदतात, कोण कुणाचं उरलेलं खातं, कोण गेलं की कुणाचं फावतं, हे सगळं. मॅडमनी पाणथळ मातीचं लेक्चर घेतलं तो दिवस मी विसरणार नाही. रान पाण्यानं भरलं की मातीतला ऑक्सिजन बघता बघता संपतो, पण सगळे जिवाणू काही मरत नाहीत, काही जाती ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरून श्वास घेतात. म्हणजे आपण टाकलेल्या युरियातलं जे नायट्रेट झालेलं असतं ते नायट्रोजन वायू होऊन हवेत जातं, आणि थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट हवा तापवतो. नायट्रेट संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, तेव्हा तो सडक्या अंड्याचा वास सुटतो, आणि सगळ्यात शेवटी मिथेन. उतरंडीतली गाडगी एकेक करून उतरवावीत तसं. आण्णा त्या तुकड्याच्या कडेच्या पट्ट्यात दरवर्षी युरियाचं एक पोतं जास्त टाकायचे, ऊस पिवळा दिसतो म्हणून. त्या पोत्यातलं किती हवेत जात असेल हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि रात्री फोनवर आण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पण साहेब, हे मला कळलं ते फळ्यावरून. मातीवरून नाही.

आमचं प्रॅक्टिकल म्हणजे एक ग्रॅम माती घ्यायची, पाण्यात पातळ करत जायचं, अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचं, इनक्युबेटरला ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजायच्या, ग्रॅम स्टेन करायचा म्हणजे जिवाणू रंगवून बघायचे, जर्नल लिहायचं. हे यायलाच पाहिजे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण मातीतले जेवढे जिवाणू मायक्रोस्कोपखाली दिसतात त्यातला साधारण शंभरातला एकही प्लेटवर उगवत नाही, हे जगाला किती वर्षांपासून माहितीय, १९८५ मध्ये त्याला रीतसर नावही मिळालं. उरलेल्यांची ओळख पटवायची तर थेट मातीतून डीएनए काढून त्यांचा १६एस जीन, म्हणजे जिवाणूची ओळख सांगणारा जनुक, वाचावा लागतो. १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी त्याच जीनवरून बनणाऱ्या १६एस आरएनएच्या तुलनेवरून आर्किया ही जीवांची अख्खी वेगळी शाखा दाखवून दिली. परीक्षेला यावर दहा मार्काचा प्रश्न असतो आणि आम्ही तो पाठ करून लिहितो, आणि पेपर देऊन बाहेर आलो की आमच्यातल्या एकाही पोरानं मातीतून डीएनए काढलेला नसतो. त्या प्रक्रियेत हाताला काय चुकतं, कुजलेल्या पाल्यातून येणाऱ्या ह्युमिक अ‍ॅसिडमुळं काळ्या मातीतून स्वच्छ डीएनए मिळवणं किती अवघड, हे करूनच कळतं, वाचून नाही.

माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न आण्णांनीच दिला. उसाच्या बेण्याला लावणीआधी अ‍ॅसिटोबॅक्टरच्या द्रावणात बुडवतात, हा हवेतला नायट्रोजन पकडणारा जिवाणू ब्राझीलमध्ये उसातच सापडला, १९८८ साली त्याची नोंद झाली. आण्णा म्हणाले, "बाटली तर आणतोय मी, पण ते चोपणात जगतं का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं हेच करू. एप्रिलमध्ये तीन ठिकाणची माती काढली, पांढऱ्या थराची, कडेची आणि चांगल्या रानातली, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एस.टी.नं सांगलीला आणली. कॉलेजला गाडी मागायची सोय नाही, फील्डवर्कला खर्चाचं हेडच नाही म्हणाले. बर्फ वाटेतच वितळला. विभागात उणे ८० डिग्रीचा फ्रीझर नाही, साध्या फ्रीजमध्ये ठेवली तर रविवारी दिवसभर लाइट गेली. डीएनएचा नाद सोडावा लागला. बाहेरच्या लॅबला पाठवायचं तर एका सॅम्पलला काही हजार लागतात आणि मला निदान नऊ तरी सॅम्पल हवेत, म्हणजे तीन जागा आणि प्रत्येकी तीन. शेवटी प्लेट काउंटवर प्रोजेक्ट उरकलं, मार्क चांगले पडले. आण्णांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

तरी एक गोष्ट आम्हाला मिळाली, ती मुद्दाम सांगते. आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, महिन्याला हातात किती येतं ते आम्हालाही माहितीय. त्यांनी स्वतः सगळ्यांना माई घाटावर नेलं, नदीकाठचा गाळ भरून घ्यायला लावला. त्यात फाडलेला पेपर, अंड्याचा पिवळा बलक, वरून नदीचंच पाणी, आणि कोल्ड्रिंकची मोठी बाटली उजेडात खिडकीत ठेवून द्यायची. याला विनोग्रॅडस्की कॉलम म्हणतात, सर्गेई विनोग्रॅडस्की या शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात बनवलेला. दोन महिन्यांत त्या बाटलीत थर पडले. खाली काळा, त्यावर हिरवट, मग जांभळा, मग तांबूस, वर हिरवा. प्रत्येक थर म्हणजे वेगळी वस्ती, खालच्यांनी सोडलेला गंधकाचा वायू वरचे जांभळे वापरतात, उजेड वरून खाली येतो आणि वायू खालून वर जातो, जिथं दोघांची गाठ पडते तिथं ते राहतात. खर्च शून्य. वर्गातली जी पोरं कधी प्रश्न विचारत नव्हती ती बाटलीचे फोटो रोज ग्रुपवर टाकायला लागली. त्या मॅडमना पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल का नाही हे जूनमध्ये कळणार. अशा माणसानं वर्षावर्षाचा माती-पाण्याचा अभ्यास उभा करायचा तरी कसा, सांगा.

आणि विषय लांबचा आहे असंही नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सगळ्यांना माहितीय, त्याच भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारलंय, कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयना भागातल्या अशाच खोल बोअरमधल्या खडकांत जिवाणू मिळाले, बेसॉल्टमध्येही आणि त्याच्याखालच्या अडीचशे कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटमध्येही, उजेड नाही, पाला नाही, तरी. त्यावर आयआयटी खरगपूरच्या लोकांनी काम केलं, आणि चांगलं केलं, त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण कराड माझ्या गावापासून तास-दीड तासावर, आणि हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एक पेपर शोधताना अपघातानं कळलं. बी.एस्सी.च्या पोरांची एक सहल तिकडं नेता आली नसती का?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं तर घरचंच उदाहरण. जमिनीखालचं बंद पेव, आतला ऑक्सिजन संपतो म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि म्हणूनच माणूस उतरायच्या आधी पेव उघडं ठेवून कंदील खाली सोडून बघायची पद्धत. आमच्या आज्यांना हे शास्त्र येत होतं. आमच्या सिलॅबसमध्ये ते नाही.

२०१९ चा पूर आला तेव्हा मी शाळेत होते, २०२१ ला पुन्हा. रानात गुडघाभर गाळ. त्या गाळानं मातीतली वस्ती कशी बदलली, किती दिवसांनी पूर्ववत झाली, हे बघायचं तर नमुना त्याच आठवड्यात घ्यावा लागतो आणि गोठवून ठेवावा लागतो. आमच्या विभागाकडं त्या दोन्ही पुरांचा एक चमचा गाळ नाही. तो आता कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही.

म्हणून मागणी. सांगली आणि सातारा मिळून एक सामायिक लॅब द्या, कुठल्या कॉलेजात ते तुम्ही ठरवा, पण सगळ्या कॉलेजच्या पोरांना नंबर लावून वापरता आली पाहिजे. उणे ८० चे दोन फ्रीझर, जनरेटर, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र, वायू मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ, आणि मिनआयनसारखा डीएनए वाचणारा छोटा सिक्वेन्सर, जो हातात मावतो आणि लॅपटॉपला जोडून चालतो. यंत्राबरोबर ते चालवणारा माणूस आणि केमिकलचा दरवर्षीचा पैसा पण द्या, नाहीतर उद्घाटनाच्या फोटोनंतर त्यावर धूळ बसते, हे आम्ही बघितलंय. नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटीचे, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करून शिकायचे, चार क्रेडिट आहेत, पोरं त्यासाठी डेअरीत नाहीतर पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात, ते क्रेडिट क्षारपड रानात, नदीवर, कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात काम करूनही मिळतील असं लेखी काढा, आणि एस.टी.चा आणि बर्फाचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा तेही त्यातच लिहा. आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा. यातलं एकच होणार असेल तर हे शेवटचं आधी करा, कारण मॅडम नसत्या तर ती बाटलीही नसती.

हे सगळं यंदाच्या उन्हाळ्यातच व्हावं असा माझा हट्ट नाही. पण आदेश निघणार असेल तर एप्रिलच्या आत निघावा. पांढरा थर मेअखेरपर्यंतच असतो, पहिल्या वळवानं तो विरघळून खाली जातो, मग त्या वर्षीचा नमुना गेला. माझं तोवर पास होऊन झालेलं असेल, माझ्या मागच्या वर्गात पलूस-वाळव्याच्या सहा मुली आहेत, त्यातल्या चौघींच्या घरी चोपण रान आहे. नमुन्याचे खड्डे कुठं घ्यायचे ते मी त्यांना दाखवून ठेवलंय.

आपली,
एम.एस्सी. भाग २, सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी
ता. पलूस, जि. सांगली