रब्बी आरिक आशरमन यांना कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय रब्बी,
सादर शालोम.

मी इस्राएलमधल्या लोद शहरात राहणारी, मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंबातली स्त्री आहे. कोकणात आम्हाला रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नव्हते. लग्ने आणि तंटे आमच्याच समाजातले काजी पाहत. इस्राएलमध्ये आल्यावर वडीलधाऱ्यांना रब्बी भेटले, ते कुळाचे पुरावे मागणारे. 1962 मध्ये आमच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा मुख्य रब्बींचा आदेश निघाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या माणसांना आपले यहुदीपण मान्य करून घेण्यासाठी 1964 मध्ये जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. तो अपमान आमच्या घरात अजून निवलेला नाही.

म्हणून 2004 साली वेस्ट बँकमधल्या बिद्दू या पॅलेस्टिनी गावात आपण जे केलेत, त्याचे मोल मला फार वाटते. इस्राएलने वेस्ट बँकमध्ये उभारलेल्या विभाजक भिंतीविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी तेरा वर्षांच्या एका पॅलेस्टिनी मुलाला पोलिसांच्या जीपच्या पुढच्या जाळीला बांधले होते. आपण त्याच्यासाठी पुढे गेलात, मार खाल्लात आणि स्वतःही पकडले गेलात. सुटका करणे आपल्या हातात उरले नव्हते. तरीही आपण त्या थरथरणाऱ्या पोराला भिऊ नकोस म्हणालात. किप्पा, म्हणजे यहुदी टोपी, घातलेल्या एका उंच माणसाने आपल्याला धीर दिला, हे त्या मुलाने पुढे सांगितले. त्याचे कूळ, त्याचा धर्म आपण विचारला नाहीत, आणि माझ्या मते रब्बीचे काम याहून निराळे नसते.

जैतुणाच्या (ऑलिव्हच्या) तोडणीत आपण वर्षानुवर्षे पॅलेस्टिनी शेतकऱ्यांसोबत उभे राहता. त्यांना त्यांच्या शेतात जाऊ द्यावे आणि संरक्षण द्यावे, असा 2006 चा इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या तेव्हाच्या ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ या संघटनेने गावकऱ्यांसह मिळवला. 2015 मध्ये तोंड झाकलेला एक तरुण सुरा घेऊन अंगावर आला, त्यानंतरही आपण त्या बागांत जात राहिलात. आम्ही कोकणातले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा आमचा नेम शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमानांनी कधी मोडायला लावला नाही. ती माणुसकी उपभोगलेल्या आम्हा लोकांना, दुसऱ्याच्या तेलाचे झाड राखणारा माणूस आपलाच वाटतो.

आमच्यात आभार मानायचे तर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतात. आपल्या दीर्घायुष्यासाठी मी तो करणार आहे. आपण लोदला अवश्य यावे.

आपली कृतज्ञ,
एक बेने इस्राएल भगिनी